आगीची सगळी काळजी

प्रिय अभय,

फोन केला तर तू उचलशील याची खात्री नाही, आणि उचललास तर मी नीट बोलेन याची नाही, म्हणून कागद घेऊन बसलोय. वर 'प्रिय' लिहिताना जरा थांबलो, पण मग तसंच ठेवलं. माझं अक्षर तुला माहीत आहे. कॉलेजात माझी जर्नल्स उतरवून घेताना तू माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायचास. आताही कर हवा तर, पण शेवटपर्यंत वाच. मधेच बाजूला ठेवलंस तर भलतंच काहीतरी डोक्यात घेऊन बसशील, तुझी सवय आहे ती.

आधी तुझ्या घरची खबर. रविवारी सदाशिव पेठेत काकूंकडे जाऊन आलो. दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं, पत्ता विसरला होतास की मी गेले असं कोणी सांगितलं होतं. म्हणजे तब्येत उत्तम. गुडघा दुखतोच, पण त्याच्याबद्दल बोलायचं त्यांनी सोडून दिलंय. तू मुंबईहून पाठवलेली चालायची काठी त्या उंच दोरीवरचे कपडे काढायला वापरतात. मला शंकरपाळी दिली आणि चहा गाळता गाळता सहज म्हणाल्या, तुमच्या प्लांटवर तो माणूस गेला ना रे, अभय सांगत होता, मास्क न लावताच टाकीत उतरला म्हणे, ही माणसं सांगितलेलं ऐकतच नाहीत. मी चहा संपवला आणि निघालो. त्यांना काय दोष देणार, पोटच्या पोराने सांगितलं ते त्या बोलल्या. पण चौकशी समितीची सुनावणी व्हायची आहे अजून, बद्रीनाथ स्वतःच्या चुकीने मेला की आपल्या, हे शुक्रवारी ठरायचं आहे. आणि तू निकाल आईला सांगून मोकळासुद्धा झालास.

तुझ्या भाषणांत हल्ली माझे अब्बा असतात, असं ऐकतो. मंडईच्या मागे त्यांचं स्टोव्ह दुरुस्तीचं दुकान होतं, घरोघरी गॅस आला, रॉकेल बंद झालं, गिऱ्हाईक तुटलं, तर त्या माणसाने रडत न बसता गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायला घेतल्या. मग तू म्हणतोस, एका स्टोव्हवाल्याला जे कळलं ते एवढ्या मोठ्या तेल कंपनीला कळू नये का. इथे टाळ्या पडतात म्हणे. पडणारच, गोष्ट चांगली आहे आणि खरीही आहे. फक्त तू मधला भाग गाळतोस. शेगडीला हात लावायच्या आधी अब्बा कित्येक महिने नाना पेठेत एका गॅसवाल्याच्या दुकानात जाऊन बसले होते. त्या वयात, त्याच्यापुढे खाली बसून, त्याचे पाने-पकडी पुसत. आम्हाला लाज वाटायची. अम्मी चिडायची की स्वतःचं दुकान बंद ठेवून दुसऱ्याच्या दारात काय बसता. ते म्हणायचे, रॉकेल सांडलं तर दिसतं, गॅस दिसत नाही, मला अजून त्याची भीती नीट कळलेली नाही. हा भाग भाषणात बसत नसेल, लांबण लागते.

तू नोकरी सोडायला लावलीस तो दिवस मला आठवतो. भोसरीत माझं बरं चाललं होतं. तू घरी आलास, शाइस्ताच्या हातची बिर्याणी दोनदा मागून खाल्लीस आणि मग म्हणालास की मन्सूर, कंपनी आता तेल विकणारी कंपनी राहणार नाही, ऊर्जा विकणारी होणार, वरून परवानगी मिळालीय, कात्रजच्या पुढे घाट उतरल्यावर जागा मिळालीय, मंडईतल्या सडक्या भाजीतून गॅस काढायचा आणि त्यावर बस चालवायच्या. नवा विभाग माझ्याकडे दिलाय, मला हा प्लांट चालवायला विश्वासाचा माणूस हवा आहे. तुझे डोळे चमकत होते. पंचावन्नाव्या वर्षी कोणाचे डोळे चमकताना मी तरी पाहिले नव्हते. मी शाइस्ताकडे पाहिलं, तिने मान हलवली, झालं.

आणि पहिली दोन वर्षं काय मजा होती रे. सकाळी मंडईतून ट्रक यायचे, कोबीचा पाला, नासके टोमॅटो, विकली न गेलेली मेथी. गोदाबाई आणि तिच्या हाताखालच्या बायका नाकाला पदर लावून ते निवडायच्या आणि त्यातल्या त्यात बरं दिसणारं वांगं माझ्या टेबलावर आणून ठेवायच्या, साहेब, घरी भरीत करा म्हणून. पहिल्यांदा गॅस पेटला तेव्हा बद्रीनाथने नारळ फोडला होता. तू नव्हतास त्या दिवशी. बद्रीनाथ म्हणजे वाशीमकडचा माणूस, चाळिशी उलटलेली, आधी कुठल्यातरी फाउंड्रीत होता. फार बोलायचा नाही. सांगितलेलं काम करायचा आणि ते झालं की न सांगता पुढचं करायचा. असा माणूस आपल्याला कितीदा मिळाला आहे, तूच सांग.

आता तू म्हणशील, मन्सूर उलटला, मन्सूर आता त्या वरच्या मंडळींसारखं बोलायला लागला, की आपलं काम तेल काढायचं आणि विकायचं, शेण-भाजीच्या नादी कशाला लागायचं. तसं नाही. मला आजही कोणी विचारलं की तेल कंपन्यांनी दुसऱ्या ऊर्जेत उतरावं का, तर मी हो म्हणेन. स्वारगेटच्या सिग्नलला उभं राहून बघ, डोळे चुरचुरतात. तेल काही कायमचं पुरणार नाही, आणि हे बदलायला लागणारा पैसा, जागा, माणसं त्यांच्याकडेच आहेत. त्यांनीच घाण केली, त्यांनीच पुढचं बघावं, यात काही चूक नाही. पण उतरायचं तर दोन्ही पायांनी उतरा ना. तेलाच्या डेपोत एक टाकी धुवायची तर किती तयारी असते, ती तुझ्याबरोबर मीही पाहिलीय. डॉक्टर बाहेर उभा असतो. आमच्याकडे काय होतं? डेपोतून बदलून आलेल्या खुर्च्या, डेपोतून बदलून आलेले नियम आणि डेपोला नको झालेला वायू मोजायचा मीटर. तेल सख्खं होतं, आम्ही सावत्र होतो. तिमाहीचे आकडे वाईट आले की पहिली कात्री आमच्यावर.

त्या दिवशी काय झालं ते तुला अहवालातून कळलंय. आता माझ्याकडून ऐक. भाजीचा लगदा साठवायची जी जमिनीखालची टाकी आहे, तिच्यातला ढवळायचा पंखा पुन्हा अडकला होता. मंडईतल्या जुड्यांच्या सुतळ्या आणि फुलबाजारातले हारांचे दोरे त्याला गुंडाळतात, हे तुला माहीत आहे. मी तेव्हा प्लांटवर नव्हतो, मंडईत गाळेवाल्यांशी त्या सुतळ्यांवरूनच भांडत होतो. ड्यूटीवरचा सुरक्षा अधिकारी तुमच्या डेपोतला, नियमाला पक्का. त्याने टाकी उपसून घेतली. बद्रीनाथचा मोबाइल गेटवर जमा केला. खिसे तपासले, काडीपेटी नाही ना म्हणून. सेलचं घड्याळ काढायला लावलं. पायातले खिळ्यांचे बूट काढून रबरी बूट दिले, हातात ठिणगी न पडणारा पितळी विळा दिला. वर दोन अग्निशामक नळकांडी आणून ठेवली. मग मीटर दोरीला बांधून खाली सोडला. मीटरवर हिरवा दिवा. आगीची सगळी काळजी घेऊन त्याला खाली उतरवलं.

आणि टाकीत आग लागायचा प्रश्नच नव्हता. टाकीत हवा नव्हती.

तो मीटर पेट्रोलचा आहे, अभय. पेट घेणारी वाफ किती आहे तेवढंच त्याला कळतं. माणसाला तिथे श्वास घेता येईल का, हे त्याला कळत नाही. उलट ऑक्सिजन नसला की तो गप्पच बसतो आणि सगळं ठीक आहे म्हणून दाखवतो. कुजलेल्या भाजीतून जो विषारी वायू निघतो त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण तो फार झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. बद्रीनाथने शिडीवरून वर बघून सांगितलं, साहेब, आज वाससुद्धा नाही. मग दोन पायऱ्या आणखी उतरला आणि खाली पडला. आवाज आला तेवढाच. दुसरा एक जण त्याच्यामागे उतरायला निघाला होता, ट्रकच्या ड्रायव्हरने त्याला मागून घट्ट धरून ठेवलं, नाहीतर आज दोन असते. मी पोचलो तेव्हा दोर आणि आकडा टाकून त्याला वर घेतलं होतं. तोंडावर लगदा होता. मी माझ्या रुमालाने पुसला. कोथिंबिरीचा वास येत होता, आणि तेव्हापासून आमच्या घरी कोथिंबीर आणलेली नाही.

मी स्वतः त्या टाकीत उतरलोय, याच मीटरच्या हिरव्या दिव्यावर. तेव्हा माझं नशीब बरं होतं, बाकी काही नाही.

तुझा फोन आला तो माती झाल्यावर चार-पाच दिवसांनी. तू आधी माझी चौकशी केलीस, झोप लागते का विचारलंस, आणि मला बरं वाटलं. मग मुद्द्यावर आलास. वरच्या मंडळींना निमित्तच हवं होतं, म्हणालास. हा अपघात व्यवस्थापनाच्या चुकीने झाला असं निघालं तर ते सगळा विभाग गुंडाळतील, सौर, बायोगॅस, सगळंच, आणि पुढची वीस वर्षं निवांत तेल विकत बसतील. पण माणसाने नियम मोडला असं निघालं, तर प्लांट निर्दोष, काम चालू. तेव्हा मन्सूर, तू प्लांटचा प्रमुख आहेस, तू एवढंच सांग की मास्क उपलब्ध होते आणि त्याने लावला नाही. खोटं काय आहे त्यात, मास्क होतेच की. हे तुझे शब्द. आणि मग हळू आवाजात, हा एका माणसाचा प्रश्न नाही रे.

मास्क होते. सिमेंटच्या पोत्यांजवळ काम करताना लावतात ते, धुळीचे. ते लावून तो उतरला असता तर तोंडावर मास्क लावलेला बद्रीनाथ वर आला असता.

तुझं गणित मला कळत नाही असं समजू नकोस. मी ते रोज सोडवतोय. प्लांटवर कुणकुण लागलीच आहे. परवा गोदाबाई माझ्या केबिनमध्ये आली. एरवी दाराबाहेरून बोलते, त्या दिवशी आत येऊन उभी राहिली. म्हणाली, साहेब, तो गेला, लई वाईट झालं, पण तुमी काय सांगणार हाय ते आमाला कळू द्या. मेलेल्याचं नाव राखायला जित्यांच्या पोटावर पाय देऊ नका. हे ती रागाने म्हणाली नाही, त्यामुळे जास्त लागलं. तिच्या बायकांपैकी कोणालाही या वयात दुसरं काम मिळणार नाही. प्लांट बंद झाला तर ती भाजी पुन्हा कचरा डेपोत जाऊन सडणार आणि त्या बायका तिथेच ती वेचायला जाणार. ती गेल्यावर केबिनचं दार लावून घेतलं. हो, रडलो. तुझ्यापासून काय लपवायचं.

मग इंदुबाईकडे गेलो. बद्रीनाथची बायको. आंबेगावात एका खोलीत राहतात, आता ती आणि तिची मुलगीच. मी गेलो म्हणून तिने शेजारून खुर्ची आणली आणि स्वतः उंबऱ्याशी बसली. मला वाटलं होतं ती शिव्या देईल, नुकसानभरपाईचं विचारेल. तिने त्यातलं काही केलं नाही. कंपनीचा कोणीतरी माणूस येऊन तिला सांगून गेला होता की नवऱ्याने नियम पाळला नाही. तिने मला एवढंच विचारलं, साहेब, त्याचं काय चुकलं ते मले नीट सांगा. सासरा विचारते. गावात सारे विचारतीन, का गेला, तं मी काय सांगू? तो तं घरीही चप्पल जागेवर ठेवणारा माणूस. मी तिला काहीबाही सांगितलं, चौकशी चालू आहे, बघू, वगैरे. ती ऐकत होती, मान हलवत होती. मला माझ्या तोंडाची किळस आली. परत येताना गाडी कडेला लावून थांबावं लागलं. घरी आलो तर शाइस्ता म्हणाली, नोकरी जायची असेल तर जाऊ द्या, पण असे मेल्यासारखे घरात फिरू नका.

तू म्हणतोस हा एका माणसाचा प्रश्न नाही. मला वाटतं तो एकाच माणसाचा प्रश्न आहे. तेलाच्या धंद्यात आजवर माणसं मेली, विहिरींवर मेली, टँकरांत जळून मेली, आणि प्रत्येक वेळी त्यांचीच चूक निघाली. आपण त्यातून बाहेर पडायचं म्हणत होतो ना? मग तेवढीच एक गोष्ट का बरोबर घेऊन आलो? नवा धंदा मेलेल्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून वाचवायचा, तर तो नवा कसला. नुसतं इंधन बदललं, बाकी सगळं तेच. असल्या प्लांटच्या गॅसवर बस चालली काय आणि न चालली काय.

आणि एक गोष्ट आहे, जी तू फोनवर काढली नाहीस आणि मीही काढली नाही. गेल्या हिवाळ्यात तू पाहुण्यांना घेऊन प्लांट दाखवायला आला होतास. पाहुणे गेल्यावर आपण दोघं कात्रज चौकातल्या टपरीवर चहा प्यायला थांबलो. तिथे मी तुला सांगितलं की हा मीटर चुकीचा आहे. श्वासाची हवा आणि विषारी वायू दाखवणारा दुसरा मीटर हवा, टाकीत हवा सोडायचा पंखा हवा, पाठीवर सिलिंडर असलेले मास्क हवेत. तुला पटलं. तू वाद घातला नाहीस. तू म्हणालास, यंदा राहू दे. आत्ता हे मागितलं तर वरचे विचारतील, एवढं धोक्याचं काम आपल्याकडे मुळात कशाला. एक वर्ष सुरळीत जाऊ दे, मग तुला हवं ते मागून घे. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी तुझं ऐकलं. तू त्या प्लांटच्या प्रेमात होतास, मीही होतो. त्याला जपायचं म्हणून आपण त्याचा धोका झाकला, आणि झाकलेल्या धोक्यात तिसराच उतरला.

आता हे पत्र कशासाठी, ते. आज सकाळी मी समितीकडे माझा जबाब देऊन आलो. मास्क धुळीचे होते, मीटर पेट्रोलचा होता, बद्रीनाथला जे जे सांगितलं ते सगळं त्याने पाळलं होतं, असं सांगितलं. हे मला आधी माहीत होतं आणि तरी मी प्लांट चालवला, हे सांगितलं. आणि टपरीवर तू काय म्हणालास तेही जसंच्या तसं सांगितलं. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितोय. तिथे आपण दोघंच होतो, तिसरं कोणी नव्हतं, हेसुद्धा मी त्यांना सांगितलंय. तेव्हा शुक्रवारी तू असं काही बोललोच नाही म्हणालास, मन्सूरच्या डोक्यावर परिणाम झालाय म्हणालास, तर तुझंच खरं धरतील. विभाग वाचेल, प्लांट वाचेल, गोदाबाईची रोजची भाकरी वाचेल, आणि खोटारडा म्हणून मी घरी बसेन. आणि हो म्हणालास, तर हे सगळं जाईल, तुझी नोकरीही जाईल आणि आपण दोघांनी उभं केलेलं काहीही उरणार नाही. काय म्हणायचं ते मी तुला सुचवणार नाही. फक्त मी समितीला एक विनंती केली होती आणि ती त्यांनी मान्य केलीय. शुक्रवारी इंदुबाई आत बसणार आहे. नवऱ्याचं काय चुकलं ते तिला अजून कोणी नीट सांगितलेलं नाही. मी तिला म्हटलंय, अभयसाहेब येतील, त्यांना विचारा, त्यांना माहीत आहे.

अजूनही तुझाच,
मन्सूर